तीन दगडांची खूण

पायलनं मंगळवेढ्याजवळचं ते होमस्टे मोबाइलवर शोधलं, तेव्हा मीच म्हणाले, "मलाही ने." त्या माळाच्या पलीकडे माझं माहेर होतं. नातीला काळवीट बघायचे होते, मला माळ.

घरमालक कुंडलिक पन्नाशीचा. सकाळी सहाला चहा पाजून त्यानं माझ्या हातात काठी दिली.

"मावशी, दमलासा तर सांगा. लाजू नका."

"सांगितलं तर उचलून नेशील?"

"मी न्हाय. पण गाडीला बैल हायती की शेजाऱ्याकडं."

मार्च सरत आला होता. वाळल्या गवताची कुसळं साडीच्या काठाला चिकटत होती. टेकाड चढलो तर समोर काळविटांचा कळप, एक काळाभोर नर आणि अकरा माद्या. पायलनं दुर्बीण दिली, तिच्यातून मला नुसतं गवत दिसलं. डोळ्यांनी मात्र सगळा कळप दिसला. मी माळढोकाचं विचारलं. लहानपणी वडिलांच्या, म्हणजे दादांच्या खांद्यावरून मी तो पाहिला होता.

"मी शाळंत असताना एकदा बघितला," कुंडलिक म्हणाला. "आता न्हाय दिसत."

पुढं पर्यटकांच्या जीपच्या चाकोरीलगत एका पडीक शेताच्या कडेला टिटवी ओरडत उठली. पाऊल उचलायच्या आधीच मला कळलं. ढेकळांच्या मधोमध मातीच्याच रंगाची चार अंडी होती. दादांना औत हाकताना असं घरटं दिसलं, की ते शेजारी तीन दगड एकावर एक रचत. मागून येणारा गडी खूण बघून बैल वळवून नेई. तेवढा तुकडा न पेरता राहायचा. "ते टिटवीचं वावर," दादा म्हणत.

मी वाकले आणि तीन दगड रचले. साठ वर्षांनी.

"मावशी, हितं आता औताला बैलं कुटं? ट्रॅक्टरवाला खाली बघतोय व्हय!"

"बघेल. माणूसच आहे ना?"

आम्ही ओढ्यापर्यंत गेलो. भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. मी पायलला दादांच्या गोष्टी सांगत राहिले. फार खुशीत होते मी.

साडेअकराला परत फिरलो. टेकाडावरून जीप दिसली. माझ्या दगडांभोवती पाच-सहा माणसं कॅमेरे लावून उभी होती आणि वर टिटवी जीव तोडून ओरडत होती.

या उन्हात ती अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला नव्हे, सावली धरायला. मी हाक मारली, वाऱ्यानं ती मागंच नेली. गुडघा पुढं जाईना. कुंडलिक पळत सुटला. काठी टेकत मी पोचले तेव्हा तो हात जोडून उभा होता.

"साहेब, तुमी मागं सरा की."

"दोनच मिनिटं, काका," त्यांच्यातला एक तरुण म्हणाला. "ती अंड्यांवर बसतानाचा फोटो हवाय. अर्धा तास थांबलोय."

"तुमी हितं हाय तवर ती बसायची न्हाय!"

"एवढीशी अंडी दिसली कशी तुम्हाला?" पायलनं विचारलं.

"दगड रचलेले दिसले ना. कुणीतरी छान खूण केलीय."

पायल माझ्याकडे बघू लागली.

"मी केलीय," मी म्हणाले.

"थँक्यू, आजी," तो तरुण मनापासून म्हणाला.

ते गेले. आम्ही लांब लिंबाखाली जाऊन बसलो. अंडी गार ठेवायला टिटवी ओढ्यावरून पोट भिजवून आली, तिनं दोनदा घिरट्या घातल्या आणि बसली.

"बसली! वाचतील ना, काका?"

कुंडलिकनं टोपी काढून घाम पुसला. "ऊन लई झालं, पोरी."

दगड पाडायला मी उठले. निम्मं अंतरही गेले नाही तोच ती ओरडत उडाली. मी पाय मागं घेतला. ती परत बसेपर्यंत न हलता उभी राहिले.

"ऊन उतरल्यावर मीच काढतो," कुंडलिक म्हणाला.

"जीप परत कधी येते?"

"चारला. दुसरे पावणे असत्यात."

चारला ऊन उतरत नाही. "त्यांना सांगशील?"

"सांगीन की. आत्ताबी सांगितलंच व्हतं."

तो जेवणाचं बघायला गेला. पायल चला म्हणाली, पण मी हलले नाही. एवढ्या लांबून मला अंडी दिसत नव्हती. दगड तेवढे स्पष्ट दिसत होते.