जोआनासीच्या बॉनेटखालचा पट्टा

इपीलीनं बर्फावर पळणारी ती जुनी स्नोमोबाईल विकत घेतली तेव्हा उत्तर टोकाच्या त्या बर्फाळ गावाला फुकटची करमणूक मिळाली. गाडी सुरू व्हायला अर्धी सकाळ घ्यायची, आणि झालीच तर असा धूर ओकायची की शेजारची कुत्री शिंकत सुटायची. पण शाळेत झाडलोट करणाऱ्या माणसानं नवी घ्यायची म्हटलं तर जन्म गेला असता. शिवाय समोरच्या घरातल्या जोआनासीची गाडी याच बनावटीची होती, एकाच जहाजातून उतरलेली. काही अडलं तर विचारायला माणूस हाकेच्या अंतरावर.

हा जोआनासी सत्तरीला आलेला, आणि इपीली जेमतेम तिशीचा. तरी जोआनासी त्याला 'बाबा' म्हणायचा. म्हाताऱ्याचा बाप गेला त्याच हिवाळ्यात इपीली जन्मला, त्याचं नाव या पोराला दिलं गेलं, आणि गावाच्या रीतीप्रमाणे बाप परत आला. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. इपीलीही बोलायला लागल्यापासून त्या पांढऱ्या केसांच्या माणसाला 'लेका' म्हणत आला होता. जोआनासीची मुलगी उलीपिका इपीलीपेक्षा दहा वर्षांनी मोठी, ती त्याला 'आजोबा' म्हणायची.

"आजोबा, तुझं भंगार आज कुणाच्या तोंडावर खोकणार?" ती खिडकीतून विचारायची.

"तुझ्याच. खिडकी लाव."

इपीलीनं कार्बोरेटर खोलून त्याची बारीक छिद्रं गिटारच्या तुटक्या तारेनं साफ केली. गाडीखालचा रबरी ट्रॅक ज्या दांड्यांवरून फिरतो त्या झिजल्या होत्या. मासे कापायचे टाकून दिलेले प्लास्टिकचे पाट कापून त्यानं नव्या केल्या. फाटक्या सीटवर आईनं सीलचं कातडं शिवून दिलं. गावाबाहेरचा उकिरडा हेच त्याचं दुकान होतं. एवढं करूनही गाडी चढावर रडायची आणि रबर जळाल्याचा वास यायचा.

"बाबा, इंजिनाला शिव्या देऊ नकोस," जोआनासी वाकून बघत म्हणाला. "हे दोन्ही क्लच एका रेषेत नाहीत. तो बिचारा पट्टा तिरपा फिरून मरतोय."

मग दोघांनी मासेमारीची दोरी ताणून क्लच सरळ केले. म्हाताऱ्यानं दोन प्लगही आपल्याकडचेच दिले. आता अडत होता तो फक्त पट्टा. दोन क्लचमधून फिरणारा हा रबराचा पट्टा तुटला की इंजिन कितीही गुरगुरलं तरी गाडी जागची हलत नाही. म्हणून प्रत्येक जण बॉनेटखाली एक जादा पट्टा ठेवतो. त्याशिवाय गाव कुणी सोडत नाही. इपीलीचा एकुलता एक पट्टा भाजून काचेसारखा गुळगुळीत झाला होता, आणि नवा विमानानं मागवायचा तर पगार हातात पडायला हवा होता.

रविवारी जोआनासी प्रार्थनेला गेला असताना इपीलीनं त्याचं बॉनेट उघडलं. जादा पट्टा जागेवर होता, लाल चिंधीनं नीट बांधलेला. मागितला असता तर म्हाताऱ्यानं हसत दिला असता, हे इपीलीला पक्कं ठाऊक होतं. पण परवाच प्लग घेतले होते. बापानं लेकापुढे हात तरी किती वेळा पसरायचा? एक फेरी मारू, गाडी पळते का बघू आणि गुपचूप परत ठेवू, असं म्हणून त्यानं चिंधी सोडून खिशात घातली आणि पट्टा आपल्या गाडीला चढवला.

गाडी पळाली! चढावर न अडखळता, टपोरी पोरांच्या गाड्यांना मागे टाकून ती वर गेली. संध्याकाळभर लोक येऊन बॉनेटमध्ये डोकावत होते आणि इपीली सगळ्यांना गिटारच्या तारेची गोष्ट सांगत होता. पट्टा परत ठेवायचा राहून गेला.

सकाळी उठून पाहतो तर जोआनासी शिकारीला निघालेला. मागच्या घसरगाडीला दोऱ्या आवळत होता. इपीली धावत अंगणात आला, पण तिथं चार माणसं उभी होती.

"या बाबानं भंगारातून घोडा उभा केला," जोआनासी त्यांना कौतुकानं सांगत होता.

इपीली तिथंच थबकला. या चौघांसमोर चोर ठरायचं? म्हाताऱ्याचा बसवलेला पट्टा तर धडधाकट होता. परत आला की ठेवू. त्यानं हात हलवला आणि जोआनासी बर्फाच्या धुरळ्यात दिसेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो यायला हवा होता. आला नाही. वारा सुटला. रेडिओवर लोकांना गोळा व्हायचा पुकारा झाला तेव्हा इपीली केव्हाच निघाला होता. काय झालं असेल हे गावात फक्त त्यालाच माहीत होतं. चोरलेला पट्टा त्याला पळवत होता, कुठंही न अडता, आणि त्या सुरळीत आवाजाची त्याला चीड येत होती.

खाडीच्या तोंडाशी जोआनासी दिसला. पट्टा तुटला म्हणून गाडी टाकून पायी निघाला होता, डावा पाय ओढत.

"बाबा, आलास?" एवढंच तो म्हणाला.

म्हाताऱ्याच्या पायाची बोटं वाचली, पण दोन गारठून काळीनिळी पडली. गावच्या रेडिओवर इपीलीचं आणि त्याच्या भंगाराचं कौतुकानं नाव घेतलं गेलं. ते ऐकून तो मेल्याहून मेल्यासारखा झाला.

चार दिवसांनी उलीपिकानं त्याला बोलावलं. दारातच दंड धरून हळूच म्हणाली, "आजोबा, आता तूच सांग त्याला. गाडी बंद. पट्टा विसरून गेला होता तो, उद्या रस्ता विसरेल. माझं ऐकत नाही, बापाचं ऐकेल."

जोआनासी पाय बांधून कोचावर बसला होता. पुढ्यात खायला गोठलेला कच्चा मासा होता, पण त्याला हात लावलेला नव्हता.

"बाबा, मी पट्टा ठेवला होता असं मला दिसतं रे. तुझ्या सुनेच्या, माझ्या बायकोच्या रुमालाची लाल चिंधी फाडून गाठ मारली, तेसुद्धा दिसतं. आणि बॉनेट उघडलं तर काही नाही." तो हातातल्या किल्लीकडे बघत होता. "जे झालंच नाही ते मला दिसायला लागलंय. आईचं असंच सुरू झालं होतं. तुझीच बायको ती, तुला काय सांगायचं."

त्यानं किल्ली पुढे केली. "तू म्हणशील तसं. ठेवून दे म्हणालास तर आज ठेवतो."

उलीपिका चुलीपाशी उभी राहून डोळ्यांनी खुणावत होती. घे, घे. किल्ली घेतली असती तर विषय कायमचा मिटला असता आणि इपीली गावाचा लाडकाच राहिला असता. ते किती सोपं आहे हे कळून त्याला स्वतःची किळस आली.

त्यानं खिशात हात घातला आणि लाल चिंधी म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवली.

"लेका, तुझं डोकं शाबूत आहे. पट्टा मी काढला. न विचारता. तू निघालास तेव्हाही बोललो नाही."

जोआनासीनं चिंधी बोटांत धरली, नाकाशी नेली.

"ठेवला होता," तो पुटपुटला. मग मोठ्यानं ओरडला, "उलीपिका, ऐकलंस का? ठेवला होता मी! गाठसुद्धा मारली होती!" तो हसत सुटला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

इपीली शिवीची वाट बघत उभा राहिला. शिवी आली असती तर बरं वाटलं असतं. हसू ओसरल्यावर म्हाताऱ्यानं त्याच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं, तिथं कुणाला तरी शोधत असल्यासारखं.

"पट्टा उद्या आणून दे," तो म्हणाला.

"आणतो..." पुढचा 'लेका' इपीलीनं उच्चारला नाही.

"जा आता, इपीली."

म्हाताऱ्याच्या तोंडून आपलं नाव त्यानं जन्मात कधी ऐकलं नव्हतं. त्यानं टोपी उचलली. उलीपिकानं चहाची किटली हातातच धरली होती, आणि तीही त्याला 'आजोबा, चहा घेऊन जा' म्हणाली नाही.