हिरवी चौकट

"चौकट हिरवी की काळी?" छापखानेवाल्या फिक्रेतने मान वर न करता विचारलं.

मुसलमान गेला तर खांबावर लावायचा शोकाचा कागद हिरव्या चौकटीत, कॅथलिक गेला तर काळ्या. आमच्या बोस्नियात हे शेंबडं पोरही सांगेल. गेला होता एनेस, आमच्या गोलकीपर नेयराचा बाप. मी म्हटलं, हिरवी. फोटोखाली दुखवट्यात सहभागी म्हणून माझ्या हँडबॉल संघातल्या बाकी अकराजणींची नावं घातली, सात आमच्या कॅथलिक, चार त्यांच्या.

नळखात्यात पंप दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला. दोन्ही वस्त्यांना पाणी एकाच पंपाचं, त्याबद्दल कधी कुणाची कुरकुर नाही. शाळेला मात्र दारं दोन, त्यांचं वेगळं, आमचं वेगळं. मुली एकत्र यायच्या त्या फक्त माझ्याकडे खेळायला. सहा वर्षं फुकट शिकवल्यावर यंदा कुठे आम्ही पहिल्या स्पर्धेला निघालो होतो.

कागद लागले आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या सातजणींपैकी लोरेनाचा बाप ज्वोनिमिर पंपघरात आला. ओरडला असता तर मीही चार शब्द सुनावले असते. पण तो खाली बसला.

"स्टियेपान, पोरगी त्यांच्यात खेळते, मी कधी बोललो का? आज आई बाजारात गेली, तर हिरव्या कागदावर आमचं आडनाव. युद्धात भाऊ गेला, त्याचं हाडसुद्धा सापडलं नाही. त्याच्यासाठी काळा कागद लावायला आई अजून तयार नाही रे."

आधी घरोघरी विचारायला हवं होतं, ते मला सुचलंच नाही. मग सातही घरांचे उंबरे झिजवले. सगळीकडे कॉफी मिळाली, मुलगी कुणी पाठवली नाही.

गुरुवारी सरावाला त्यांच्यातल्या चौघीच आल्या. बापाला पुरल्यावर नेयराही त्या दिवशी पहिल्यांदा आली. म्हणजे पाच, आणि हँडबॉलला सात लागतात. तिने भिंतीकडेच्या रिकाम्या बाकाकडे पाहिलं. बाकीच्यांना ताप आलाय, मी थाप मारली. साठीच्या माणसाने तेरा वर्षांच्या पोरीशी खोटं बोलावं आणि तेही धड जमू नये.

तिने पिशवी उघडून माझ्यापुढे धरली. आत ओलसर, फाटक्या हिरव्या कागदांचा ढीग होता.

"सगळे काढले, काका. पुलावरचासुद्धा. आता येतील ना त्या?"

वरच्या कागदावर एनेसचा चेहरा अर्धाच निघाला होता. तिने तो बोटांनी सारखा केला आणि माझ्या उत्तराची वाट पाहत उभी राहिली.