रोज दोन चपात्या

ईरम्मांनी रिपोर्टचा कागद ओट्यावर आपटला.

"निगेटिव्ह हाय. माझ्या शिवकुमारनं वाचून दाखवलं मला. चार महिने पोरीला चपाती न्हाई, बिस्कीट न्हाई. गव्हानं कुणाला रोग होतो का गं?"

रुद्राणी भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही. सासूला उत्तर दिलं की भांडण दोन दिवस पुरतं, हे लग्नाच्या दहा वर्षांत तिला कळून चुकलं होतं. पण आजचा घाव खोल बसला. आठ वर्षांची अक्षता सहाची दिसायची. पोट फुगायचं, जुलाब व्हायचे, खाल्लेलं अंगी लागतच नव्हतं. गहू बंद केल्यावर ती पहिल्यांदा न दमता जिना चढली होती. तरी रक्तात काही निघालं नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी कागद वाचला आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"गहू आधीच बंद केला होता? कुणाच्या सांगण्यावरून?"

"माझ्याच."

"मग या निगेटिव्हला अर्थ नाही. गहू न सोसण्याच्या या आजारात गहू पोटात गेला की रक्तात अँटीबॉडी तयार होतात. ही तपासणी त्याच शोधते. गहू थांबवला की त्याही कमी होत जातात. आता सहा आठवडे रोज दोन चपात्या द्या, मग परत रक्त घेऊ. त्रास फार वाढला तर लगेच माझ्याकडे या."

"बंदच ठेवला तर नाही का चालणार?"

"जन्मभर एक घासही नको, असं मी अंदाजानं कसं सांगू?"

घरी हे कळताच ईरम्मा हसल्या.

"शेवटी चपातीच सांगितली की डॉक्टरनं!"

रुद्राणी सकाळी कामावर जाताना दोन चपात्या झाकून ठेवायची. शाळेतून आल्यावर अक्षता त्या आजीसमोर बसून खायची. पहिल्या आठवड्यात ती दोनदा ओकली. दुसऱ्या आठवड्यात पोट नगाऱ्यासारखं झालं. ईरम्मा म्हणाल्या, नखरे आहेत. मग तिसऱ्या आठवड्यापासून दुखणं हळूहळू ओसरलं.

"बघ, सवय झाली. सगळे तुझ्या मनाचे खेळ."

हे त्या रोज म्हणायच्या, मुलगा शिवकुमार जेवायला बसला की मुद्दाम. तो मान खाली घालून जेवायचा. रुद्राणीला स्वतःचाच संशय येऊ लागला. आपणच पोरीला चार महिने उगाच उपाशी ठेवलं की काय?

सहा आठवडे झाल्यावर तिघी लॅबमध्ये गेल्या. आजीचा हात धरल्याशिवाय अक्षता सुई टोचू देत नसे. तिथल्या मुलीनं दंडाला रबर बांधलं.

"गहू रोज चालू आहे ना?"

"हो," रुद्राणी म्हणाली. "रोज दोन चपात्या."

"न्हाई," ईरम्मा म्हणाल्या.

रुद्राणीनं वळून पाहिलं. ईरम्मांची नजर नातीच्या दंडावर होती.

"रक्त काढू नका. तिसऱ्या आठवड्यापासनं भाकरीच देते मी तिला. चपात्या गल्लीतल्या गाईला. पोट धरून लोळत होती की पोर. किती बघायचं?"

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं." रुद्राणीचा आवाज चढला, बाकावरची माणसं वळली. "कळलं होतं, आणि रोज मला म्हणत होतात, मनाचे खेळ?"

ईरम्मांनी पदर डोक्यावर नीट केला.

डॉक्टरबाईंनी फोनवर सांगितलं, सहा आठवडे पहिल्यापासून सुरू करा. रिक्षात बसल्यावर ईरम्मा हळूच म्हणाल्या,

"तोवर मी अक्कलकोटला, भावाकडं जाते."

"कुठं जायचं नाही, अत्ती," रुद्राणी सासूला म्हणाली. "तुम्हीच भरवायचं. तुमच्या हातानं."

दुसऱ्या दिवशी रुद्राणी अर्ध्या दिवसाची रजा टाकून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. ईरम्मांनी चपातीचा तुकडा मोडला, मग त्याचेही दोन केले. अक्षतानं तोंड उघडलं. घास मध्येच थांबला.

"भरवा," रुद्राणी म्हणाली.

हात पुढे गेला. पोरीनं गिळलं. ईरम्मांनी दुसरा तुकडा मोडला आणि मान वर न करता विचारलं,

"दुखायला लागलं की काय देऊ तिला?"

रुद्राणी दारातून आत येऊन त्यांच्याजवळ बसली. दहा वर्षांत सासूनं तिला पहिल्यांदाच काही विचारलं होतं.