दोन वळांचं टेबल

तेलाचा डबा घेऊन मिस्त्रीण आपल्या सुतारकामाच्या कारखान्यात शिरली, तर तिचे वडील, अण्णा, कमरेवर हात ठेवून उभे. लेकीचं अर्धं ओझं आपण एकट्याने उचललं, असा आनंद तोंडावर मावत नव्हता. पायाशी भुशाचा ढीग, आणि त्या भुशात पडलेली वळणावळणाची एक लांब पट्टी.

"कड सरळ करून ठेवली बघ," ते म्हणाले. "शनिवारी टेबल द्यायचंय ना? तुझे दोन दिवस वाचवले."

तिने तेलाचा डबा होता तिथेच खाली ठेवला.

अण्णा म्हणजे गुण्या मिस्त्री. काटकोन तपासायचा गुण्या चाळीस वर्षं त्यांच्या पिशवीत होता, म्हणून हे नाव. डॉक्टरकडे गेले तरी आधी तपासायची खाट डगमगते का ते बघणार, मग स्वतःच्या छातीचं सांगणार. वाकडं म्हणून त्यांना बघवत नसे. आणि कारखाना हाती घेतल्यावर लेकीने काम काढलं ते नेमकं वाकड्याचं! झाडाची कड जशी वाढली तशीच ठेवायची, साल तेवढी सोलायची, घासायचं, तेल पाजायचं. लोक लांबून येऊन ही टेबलं घेऊन जात. अण्णा तयार टेबलाभोवती एक फेरी मारत आणि विचारत, "झकास. पुरं कधी करणार?"

हे टेबल दोघी म्हाताऱ्या बहिणींचं होतं. त्यांच्या फाटकाची साखळी वर्षानुवर्षं शेजारच्या झाडाला गुंडाळलेली. झाड वाढत गेलं, साखळी खोडात रुतली आणि खोडाला सगळीकडून खाच पडून वळ उठला. लहानपणी दोघी फाटकावर चढून झोके घ्यायच्या, पडू नये म्हणून एक या बाजूने साखळी धरायची, दुसरी त्या बाजूने. झाड वाळलं, पाडावं लागलं. त्यातून चांगल्या अशा दोनच लांब फळ्या निघाल्या, दोन्हींच्या दोन्ही कडांना वळ असलेल्या.

"आम्ही समोरासमोर जेवायला बसणार," थोरली म्हणाली होती. "जिच्या तिच्या हाताशी जिचा तिचा वळ."

"वळाला रंधा लागणार नाही," मिस्त्रिणीने शब्द दिला होता. एका फळीचं टेबल व्हायचं होतं. दुसरी बहिणींनी तिलाच देऊन टाकली, आणि तिचं स्वतःच्या घरासाठी टेबल करायचं तिने मनाशी पक्कं केलं होतं. तीन वर्षं दोन्ही फळ्या सावलीत वाळल्या. आता पहिल्या फळीचा एक वळ भुशात पडला होता.

"अण्णा, तोच वळ ठेवायचा होता! कुणी सांगितलं होतं तुम्हाला हात लावायला?"

अण्णांनी पट्टी उचलली. खाचेत बोट फिरवलं. "मला वाटलं, कीड लागलीय," ते हळूच म्हणाले. "म्हटलं, किडकं काढून टाकावं." त्यांनी करवत खुंटीला लावली, चपला घातल्या आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी ते आलेच नाहीत.

ओरडल्याचं तिला वाईट वाटत होतं, फार वाईट वाटत होतं. पण डोक्याला हात लावून बसणाऱ्यातली ती नव्हे. तिने टेप काढली. कापलेली फळी उरली होती वीस इंच. तिची स्वतःची बावीस. तिचीही एक कड कापली आणि दोन सरळ कडा मधोमध जोडल्या, तर बाहेरच्या दोन्ही बाजूंना वळ येत होते. टेबलही ऐसपैस होणार होतं. स्वतःच्या टेबलावर पाणी सोडायला तिला एक चहा प्यायला लागतो तेवढाच वेळ लागला.

अडचण एकच होती. सहा फुटांचा जोड, तोही बहिणींच्या ताटांपुढून जाणारा. केसाएवढी फट राहिली तरी वर्षभरात उघडी पडली असती. आपला हात कशात किती चालतो हे तिला नेमकं ठाऊक होतं. झाडाच्या कडेला तिच्यासारखा हात पंचक्रोशीत नव्हता. सरळ जोडाला मात्र एकच हात होता, आणि तो घरी रुसून बसला होता.

ती घरी गेली, तर अण्णा भिंतीकडे तोंड करून रंध्याचं पातं घासत होते. पात्याला धारेची काहीएक गरज नव्हती.

"चला. सहा फुटी जोड आहे."

"मी नको. मी नुसती वाट लावतो."

"लावलीत ना वाट, आता जोड लावा. मला जमणार नाही तो."

अण्णांनी वळून तिच्याकडे नीट पाहिलं. ही पोरगी 'जमणार नाही' म्हणाल्याचं त्यांना काही आठवेना. ते उठले.

त्यांचा रंधा फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात गेला, आणि तेवढाच लांब कागदासारखा छिलका खाली पडला. दोन्ही कडा एकमेकींवर ठेवून त्यांनी खिडकीसमोर धरायला लावल्या. मधून उजेडाचा ठिपकासुद्धा आला नाही. मग फळ्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून त्यांनी खालच्या अंगाला, दोन्ही फळ्यांवर मिळून, पेन्सिलीने एक त्रिकोण काढला. जोडापूर्वी ते नेहमीच काढत.

शनिवारी बहिणी आल्या. मिस्त्रिणीने आडपडदा न ठेवता सगळं सांगून टाकलं.

"चूक माझी," अण्णा कोपऱ्यातून म्हणाले.

धाकटीने टेबलावर आडवं नख ओढलं. पुन्हा ओढलं. "कुठाय जोड?"

"तिथंच आहे," अण्णा म्हणाले, जरा ताठ होत.

"पण दुसरी फळी तर तुझ्या घरासाठी होती ना गं?" थोरलीने विचारलं.

"तुमच्याच झाडाची होती," मिस्त्रीण म्हणाली. "बसून तर बघा."

दोघी समोरासमोर बसल्या. कुणी न सांगता दोघींचे हात कडेखाली गेले आणि बोटं वळात बसली. थोरलीने खुर्ची जराशी मागे झुलवली, तशी धाकटी खुदकन हसली.

टेबल गाडीत चढवण्याआधी अण्णा घासायचा कागद घेऊन वाकले. खालचा त्रिकोण राहिला होता. मिस्त्रिणीने त्यांचा हात धरला. "तो राहू द्या."

"अगं, पेन्सिलीचा डाग आहे तो."

"असू दे."

अण्णा उभे राहिले. बाहेर आलेल्या, आत गेलेल्या त्या कडेवरून त्यांनी सावकाश अंगठा फिरवला, वळाशी थांबले, पुढे गेले. मग कागदाची घडी करून खिशात टाकली.

"बरं," ते म्हणाले. "झालं पुरं."