बेबीबाई बेटावर निघाली

"दंड सैल सोड की. मी काय वैरी हाव का तुझा?" देवला म्हणाला आणि बायकोच्या कोपरावर साबणाचा फेस आणखी चोळू लागला.

बेबीबाई डोळे मिटून ओट्यावर बसली होती. लग्नात चढवलेल्या बलिया, त्या रुंद पांढऱ्या बांगड्या, दंडात अशा रुतल्या होत्या, की जणू हाडालाच फुटल्या असाव्यात. एकेक करत त्याने त्या खाली ओढल्या. शेवटची काही निघेना आणि निघाली ती तडकूनच. खालची कातडी कधी ऊन न पाहिलेली, पांढुरकी आणि सुरकुतलेली होती. बेबीबाईला आपलाच दंड बघवेना.

मदतीला आलेली शेजारची पेमा तो आवाज ऐकून ताडकन उठली. "भाऊजी, नवरा जिता असता बाईच्या बलिया उतरवता व्हय? ह्ये चांगलं न्हाई."

"तू तुझी भाकर पाह्य जाय," देवला हसून म्हणाला.

पेमाचंही काही चुकलं नव्हतं. त्यांच्या तांड्यात बाईच्या बलिया नवरा गेल्यावरच निघत, आणि विधवा बाया तिला घेरून त्या दगडाने फोडत. त्याआधी हात लावणं म्हणजे यमाला आवतण देणं. पण निमित्तही तसंच होतं. लेक शितल अंदमानात, पोर्ट ब्लेअरच्या दवाखान्यात नर्स होती. तिचं पहिलं बाळंतपण जवळ आलं होतं. "याडी," तिने आईला फोनवर बजावलं होतं, "इथं लई गरमी हाय. आरशाचा फेटिया घागरा, चांदी, बलिया काही आनू नको. दोन सुती लुगडे आन, बस. आन् इमानानं ये."

विमानाचं नाव निघताच बेबीबाईने कानाला हात लावले. ऊसतोडीच्या ट्रकमधून तिने अर्धा मुलूख पाहिला होता, पण तो टोळीच्या गर्दीत. आता एकटीने जायचंच तर जमिनीला धरून, बघत बघत जावं असं तिला वाटत होतं. नवल म्हणजे देवलानेही तिचीच री ओढली.

"रेल्वेनं जाय, मंग जहाजानं. घाई कशाची? जहाजात तं फोन बी लागत न्हाई म्हन्तेत. कटकटच न्हाई."

हा तोच देवला. जवळा बाजारला निघालेल्या बायकोने एकदा साधं लुगडं नेसलं, तर तिला अर्ध्या वाटेवरून कपडे बदलायला माघारी पाठवणारा. बेबीबाईच्या मनात पाल चुकचुकली. पण लेकीच्या ओढीपुढे पालीचं कोण ऐकतो?

"आन् तुमी काहून येत न्हाई?"

"सोयाबीन कोन काढंल? तुझा बाप?"

बलिया पेटीत ठेवायला गेली, तर त्याने हात पुढे केला. "माझ्यापाशी दे." त्या त्याने आपल्या उशाखाली ठेवल्या.

मुलगा संतोष तिला मोटारसायकलवरून वारंगा फाट्याला सोडणार होता. देवला तांड्याच्या लिंबापर्यंत आला आणि बुंध्याला टेकून उभा राहिला. टेकून उभा राहणारा माणूस नव्हता तो. वळणावरून तिने मागे पाहिलं तर तो खाली बसला होता.

फिकट निळ्या लुगड्यात बेबीबाईला कुणी ओळखेना. एरवी ती बसमध्ये चढली की चांदीच्या आवाजाने माना वळत, कंडक्टरलाही थट्टा सुचे. आता ती चारचौघींसारखी खिडकीशी बसली आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडलं. अंग हलकं झालं होतं. नांदेडला गाडी, हैदराबादला दुसरी. सोयाबीन मागे पडलं, भात आला, ताडाची झाडं आली. पिशवीतली भाकर-ठेचा तिने पुरवून पुरवून खाल्ला. समोरची बाई तिच्या उघड्या दंडांकडे बराच वेळ बघत होती. शेवटी तिने विचारलंच, "माँजी, आदमी नहीं है क्या?"

"है ना! सोयाबीन काढता है," बेबीबाई अख्ख्या डब्याला ऐकू जाईल एवढ्याने म्हणाली. मग मात्र तिने पदर दंडांवर ओढून घेतला, तो चेन्नई येईपर्यंत काढला नाही.

बंदरावर जहाजाच्या रांगेत उभी असताना तिने पेमाला फोन लावला. कापणीच्या गडबडीत देवलाला वेळेवर भाकर दे, एवढंच सांगायचं होतं.

"कापनी?" पेमा म्हणाली. "ती तं संतोष करून राहिला. तू गेली तवापासून भाऊजी खाटेवरच हायेत. नांदेडच्या डाक्टरनं कवाच हात टेकले म्हन्ते. आमाला आत्ता कळलं, बाई."

बेबीबाईने देवलाला फोन लावला. "कुठं हाव?"

"बांधावर."

"बांधावर पंखा कवा बसवला?"

पलीकडे पंख्याची घरघर बंद झाली. मग तो म्हणाला, "माझा बा मेला तवा मायचे हात पाह्यले मी. दगड चुकला, मनगट फुटलं. रगत व्हाऊन राह्यलं, तरी कोनी थांबलं न्हाई. तुझ्या बलिया म्या सुखानं उतरवल्या. आता फोडाया काही न्हाई. तू लेकीपाशी ऱ्हाय."

"सगळं तुमीच ठरवलं! मला इचारलं बी न्हाई?"

"इचारलं असतं तं गेली असती का?"

"मी माघारी येते."

"येऊ नको. लेकराला हातावर घे. माझं येवढं ऐक."

असा संताप तिला जन्मात आला नव्हता. फोडाफोडीपासून वाचवलं म्हणे! आणि शेवटच्या घोटभर पाण्याचं काय? ते पाजायचा हक्क त्याने परस्पर काढून घेतला होता. मागे खाट, पुढे भरल्या दिवसांची लेक. रांग सरकली. मागचा माणूस "चलो, चलो" करू लागला.

"जेवले का?" तिने विचारलं.

"खाल्लं थोडं."

"पेमाला सांगते. दुधात कुस्करून देईल ती." आणि ती जहाजाच्या शिडीवर चढली.

किनारा दिसेनासा झाला तसा फोनही मुका झाला. मग नुसतं पाणी. बाकीच्या बाया ओकून ओकून आडव्या झाल्या; बेबीबाईला काही झालं नाही. कुणी जेवायला हाक मारली की दोन घास खायची, पुन्हा कठड्याशी येऊन बसायची. कधी तिला वाटे, तो आत्ता चहा पीत असेल. कधी वाटे, तांड्यात आत्ता चूल पेटली नसेल. नवरा आहे की नाही हे ठाऊक नसलेल्या बाईला काय म्हणतात, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

एका सकाळी माणसं ओरडत कठड्याकडे धावली. पाण्यातून हिरवंगार बेट वर आलं होतं. वारा गरम, ओला होता. बघता बघता सगळ्यांचे फोन वाजू लागले. हसणं, रडणं, "पोचलो, पोचलो" सुरू झालं. बेबीबाईच्या पिशवीतलाही वाजला. पडद्यावर संतोषचा फोटो होता.

तिने फोन लगेच उचलला नाही. शेजारच्या बाईचा खांदा धरून म्हणाली, "बाई, मला जरा खाली बिठाव."

बाईने तिला हात दिला. बेबीबाई जहाजाच्या तापलेल्या फळ्यांवर मांडी घालून नीट बसली. डोक्यावरून पदर घेतला. मग फोन कानाला लावला.

"हां," ती म्हणाली, "बोल, लेकरा."