मेमरीच्या दारावरचा राखणदार

मी एक जुना, चिमुकला प्रोग्राम आहे. मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिले नसेल. माझे काम दारात उभे राहण्याचे. मोठ्या प्रोग्रामला काम करताना संगणकाकडून मेमरीचा तुकडा मागून घ्यावा लागतो आणि काम झाले की परत करावा लागतो. मी ती मागणी वाटेतच अडवतो, कोणी काय नेले ते टिपतो आणि मगच पुढे सोडतो.

मला एका ताईने घडवले. रुग्णालयात अपुऱ्या दिवसांची बाळे काचेच्या पेटीत ठेवतात ना, त्या पेटीतली ऊब दाखवणारा पडदा तिच्या प्रोग्रामवर चाले. कुठेतरी मेमरी गळून संपत होती, म्हणून तो मधूनच काळा पडू लागला. पेटी गार झाली तरी कुणाला कळायचे नाही!

"मेमरी वाढवून टाक आणि मोकळी हो," शेजारच्या टेबलावरचे साहेब म्हणाले.

"गळकी बादली मोठी आणली तरी गळणारच ना, साहेब?" ताई म्हणाली आणि तिने मला लिहायला घेतले.

माझा पहिला दिवस फजितीचा. टिपून ठेवायलाही मेमरी लागते! मी ती मागितली, ती मागणी माझ्याच दारात आली, ती टिपायला मी आणखी मागितली... आणि धाडकन कोसळलो.

"अरे वेड्या, स्वतःलाच काय अडवतोस!" ताई पोट धरून हसली. मग तिने माझ्यापुरता एक तुकडा आधीच बाजूला काढून ठेवला.

पण तिच्या खोलीत मला काहीच सापडेना. जो तो तुकडा मुकाट्याने परत येई. शेवटी ताई मला घेऊन वॉर्डात गेली. सिस्टरने लंगोट बदलायला पेटी उघडली. आतली ऊब घटताच पडद्याचा भोंगा वाजला. हात गुंतलेले, म्हणून सिस्टरने कोपरानेच बटण दाबले.

"हे काय केलंत?"

"आवाज बंद केला हो. बाळं दचकतात! दिवसभर हेच चालतं आमचं."

ताईने ते बटण कधी दाबलेच नव्हते. तिच्या खोलीत कुणी झोपत नव्हते ना! मी नीट पाहिले. बटण दाबले की एक तुकडा जाई, तो परत येतच नसे. ताईने चूक दुरुस्त केली. त्यानंतर पडदा काळा पडला नाही.

माझ्यामुळे काम संथ होते, म्हणून मला काढून ठेवले. आता मी एका जुन्या संगणकात पडून असतो. वाईट वाटते, नाही असे नाही. पण ते कोपर आठवले की बरे वाटते.

मित्रांनो, घेतलेली वस्तू काम झाले की परत ठेवा. आणि एखादे यंत्र थकून थांबले, तर त्याला चापटी मारू नका. ते जिथे राबते तिथे जरा जाऊन बसा. तिथे कोण झोपले आहे, तेही पाहा.