नाव सांगता येत नाही

डिटेक्टिव्ह केली रास्क दारातच बर्फाचे बूट काढायला लागली, तेव्हाच ट्रिना लिंडक्विस्टने काय ते ओळखलं. चांगली बातमी पोलीस फोनवर सांगून मोकळे होतात. बूट काढून बसायला येतात ते वाईट बातमी घेऊन.

"तो सापडलाय," केली म्हणाली. "आधी त्याच्या एका नातलगाचा डीएनए जुळत आला. मग त्याने फेकलेल्या कॉफीच्या कपावरून खात्री केली. तोच आहे."

ट्रिनाने खुर्ची घट्ट धरली. सतरा वर्षांपूर्वी लॉन्ड्रीमागच्या गल्लीत कुणीतरी मागून येऊन डोक्यावर कोट टाकून तिच्यावर बलात्कार केला होता. चेहरा तिने पाहिलाच नाही. दवाखान्यात मात्र अंगावरचा कण न् कण टिपून पुराव्याच्या खोक्यात भरू दिला. कारण नर्स म्हणाली होती, पोरी, यावरूनच तो पकडला जाईल.

"मग अटक कधी?"

"होणार नाही." केली स्वतःच्या पायमोज्यांकडे बघत होती. "खटला भरायची मुदत पंधरा वर्षांची होती. त्या आत डीएनएवरून नाव निघालं असतं, तर वाढीव वेळ मिळाला असता. आता कायदा बदललाय, पण ज्यांची मुदत आधीच संपली त्यांना तो लागू नाही."

"अहो, पण खोका तर तुमच्याचकडे होता ना?"

"कपाटात होता. तपासायला पाठवलाच नव्हता."

बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय! आणि का नव्हता पाठवला? तर तेव्हा तपास करणारा पोलीस डेप्युटी ड्युई थॉर्सन याचं म्हणणं, संशयित नाही तर जुळवायचं कुणाशी? ज्या खोक्यातून नाव निघायचं, तो खोका नाव नाही म्हणून बंद. सगळ्या काउंटीच्या पोलिसांची हीच रीत होती, आणि त्यात काही चुकतंय असं एकाही शहाण्याला वाटलं नाही.

"बरं, नाव सांगा."

"सांगता येत नाही. खटलाच नाही, तर कायद्याने तो आरोपीही नाही. नाव फुटलं तर उलट तोच दावा लावेल."

"म्हणजे तुम्हाला माहीत, लॅबला माहीत, त्यालाही माहीत. एकटी मीच तेवढी परकी?"

केलीचे डोळे भरले. ट्रिनाला त्या डोळ्यांचा रागच आला. रडायचं तर घरी जाऊन रडावं.

"निदान एवढं तरी सांगा. तो इथलाच आहे का? मला ओळखतो?"

केली दाराकडे गेली. बूट चढवायला वाकली, आणि नाड्या बांधायला तिने फार वेळ लावला.

शुक्रवारी चर्चच्या तळघरात मासे तळायचा कार्यक्रम होता. ईस्टरआधीच्या उपवासात शुक्रवारी मांस वर्ज्य, मासे चालतात; त्या दिवसांत अख्खं गाव तिथेच जेवतं. न जावं तर चार जणी घरी येऊन विचारणार, म्हणून ट्रिना गेली. कोबीची कोशिंबीर वाढायला नेमका ड्युई थॉर्सन उभा होता. निवृत्त झालेला, गुबगुबीत, सगळ्यांचा लाडका.

"ड्युई, माझा खोका तुम्ही का नाही पाठवलात?"

म्हातारा ओशाळला. त्याला आठवत होतं. "अगं पोरी, तेव्हा तसंच चालायचं. आम्ही कुणी तुझं वाईट चिंतलं नव्हतं गं." आणि त्याने तिच्या ताटात कोशिंबिरीचा आणखी एक डाव घातला. त्या बिचाऱ्याकडे द्यायला तेवढंच होतं. ट्रिनाला ते ताट त्याच्या तोंडावर मारावंसं वाटलं. तिने मारलं नाही. मागे रांग खोळंबली होती.

ती पुढे सरकली. कढईमागे अॅप्रन बांधलेले गावचे बाप्ये, बहुतेक तिच्याच वयाचे, काही थोडे मोठे. कुणी तिच्या शाळेतला, कुणी तिच्या गाडीची चाकं बदलून देणारा, कुणी तिच्या आईच्या शवपेटीला खांदा दिलेला. आजवर तिच्या लेखी तो गल्लीतला माणूस कुठेतरी लांब होता, दुसऱ्या राज्यात, कदाचित मेलेला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तिने खाल्ला, पण गाव तेवढं तिचं राहिलं होतं. आता तेही गेलं.

"काय ट्रिना, बरी आहेस ना?" वाफेमागून कुणीतरी विचारलं.

"बरी आहे," ती म्हणाली, आणि ताट पुढे केलं.

तो हाच असेल, नाहीतर याच्या शेजारचा. मरेपर्यंत तिला कळणार नव्हतं, आणि मरेपर्यंत या सगळ्यांना ती बरी आहे म्हणून सांगत राहणार होती.